मिठाच्या देशात देव नव्हता

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. माझी कीव करू नका. मला म्हातारपणाने वाकवलेले नाही, एका धर्मगुरूने आपटले आहे.

बरोसा खोऱ्यातल्या द्राक्षमळ्यांत लेनोर शिर्मर राहत असे. ती शाळेत शिकवी, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवी आणि उरलेल्या वेळात माझ्या कळा बडवत कादंबरी लिही. तिने मिठाच्या सरोवराकाठी अख्खा देश वसवला होता. त्यात राजे होते, सण होते, निराळी भाषा होती. देव मात्र नव्हता.

तिचा थोरला भाऊ थिओ त्याच चर्चचा धर्मगुरू. गावात कुजबुज झाली तसा तो तणतणत आला.

"एवढा देश बनवलास आणि देवाला साधी झोपडी नाही? श्रद्धा उडाली का तुझी?"

"उडाली असती तर पानोपानी देवळं बांधली असती, दादा. स्वतःची खात्री पटवायला."

"जीभ आवर! शेवटी तिथल्या लोकांना देव भेटू दे. नाहीतर ऑर्गनला हात लावायचा नाही."

लेनोर माझ्यापुढे बसली आणि त्याच्या देखत लिहू लागली. वैऱ्याचे मूल मिठात हरवते आणि सारा गाव त्याला शोधायला निघतो.

"कुणाच्या आज्ञेनं?" थिओ गुरगुरला.

"कुणाच्याच नाही. माणसं चांगली आहेत."

"देवाशिवाय?"

"त्यांना घडवणारी मी देवाला मानते. तेवढं पुरे."

त्याने मला उचलले आणि दगडी पायऱ्यांवर भिरकावले. अक्षरांचे दांडे तुटले. गोष्ट काय माझ्या पोटात होती?

"आता हातानं लिहीन," लेनोर म्हणाली. "हातही तोडतोस?"

पुस्तक निघाले. ऑर्गन गेला. बेकरीवाली तिच्याशी बोलेनाशी झाली. तरी लेनोर दर रविवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसे. एकदा परतली ती धुमसतच. थिओने प्रवचनात तीच गोष्ट सांगितली होती, स्वतःची म्हणून! लोक रडले होते.

"मेल्यानं चोरली ती चोरली," ती म्हणाली, "वर सांगतो, गावकरी नरकाच्या भीतीनं शोधायला निघाले!"

तिच्या शेवटच्या आजारात थिओ दाराशी आला, तेव्हा तिने त्याला आत घेतले. मी घेतले नसते.

मित्रांनो, यंत्रांना तेल द्या, आपटू नका. आणि कुणी आपला देश रचत असेल तर त्याच्या खांद्यावरून डोकावू नका. तिथे देव हवाच असेल, तर बसा आणि स्वतःचा देश रचा.