पिवळ्या पट्टीवरची थट्टा

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांचा माऊस कधी थांबतच नाही. हात सुटला की सुटला, इकडे टिचक्, तिकडे टिचक्. चित्राच्या बटणावर माऊस जरा थांबवला की खाली पिवळी पट्टी उघडते आणि हे बटण कशाचं ते सांगते, हे त्यांना माहीत असतं, पण ती पट्टी त्यांना दिसत कधीच नाही. कारण ती अडलेल्यासाठी असते. आपलं चुकेल की काय अशी ज्याला धास्ती आहे, तो थांबतो, आणि त्यालाच ती दिसते. नादिरला हे सगळं पाठ होतं. कंपनीतल्या नव्या पोरांना तोच हे शिकवायचा. आणि तरी गाढवपणा केला तो त्यानंच.

आमच्या अलेक्झांड्रियात, ट्रामच्या फाट्याजवळ, एक धर्मादाय इस्पितळ आहे. तिथल्या रक्तपेढीच्या खिडकीत मादाम इनायात बसायच्या. जाड भिंगांचा चष्मा, डोक्यावर करडा रुमाल आणि आवाज असा की अख्ख्या बोळात ऐकू जावा. नवरा गेल्यापासून त्या आणि ती खिडकी, एवढाच त्यांचा संसार होता. कुणी घाबराघुबरा रक्ताची पिशवी मागायला आला की आधी त्याला दटावून बाकावर बसवायचं आणि मगच कागद मागायचा, ही त्यांची पद्धत. नवे संचालक डॉक्टर मुफीद यांना ही पद्धत बघवत नव्हती. सगळं संगणकावर आणायचं त्यांनी ठरवलं, आणि ते काम नादिरच्या कंपनीला मिळालं.

डॉक्टरांनी पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं, "मादामना जमलं तर खिडकी त्यांची. नाही जमलं तर खिडकीत शाहिंदा बसेल आणि मादाम खाली तळघरातल्या कोठारात जातील, पेन्शन होईपर्यंत." शाहिंदा म्हणजे नवी लागलेली मुलगी. मादाम तिथेच बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली आणि नादिरकडे बघितलं.

मग नादिर त्यांच्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागला. काम समजून घ्यायचं, बटणं मांडायची, त्यांना दाखवायची.

"हे काय रे चित्र? शिवणाच्या मशीनची पेटी का?"

"नाही हो मादाम, ते जतन करायचं बटण."

"मग तसं लिही ना बाबा त्याच्यावर."

"त्यावर लिहायला जागा नसते. पण माऊस जरा थांबवलात की खाली पट्टी येईल. तिच्यात लिहितो."

"लिही. नीट समजेल असं लिही. म्हणजे मला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. त्या शाहिंदाला काही विचारलं ना, की बाई आधी भुवया वर करते आणि मग सांगते."

"शब्द दिला, मादाम."

"शब्द राहू दे, आधी खा." त्यांनी डबा उघडला. भात भरून गुंडाळलेली कोबीची पानं, एकावर एक नीट रचलेली. "आई तिकडे मन्सूराला, तू इथं एकटा. हाडं बघ कशी दिसतात ती! तुला मुलगी कोण देणार?"

नादिर खायचा. पोटभर खायचा. आणि तिथून ऑफिसात आला की मादाम इनायातची नक्कल करायचा.

विनोदी माणसाला आमच्याकडे मोठा मान असतो. जिथं चार माणसं जमतील तिथं माणसाला हसवता आलंच पाहिजे, नाहीतर त्याला कुणी चहालाही बोलवत नाही. नादिर शाळेपासून हसवत आलेला. मादाम माऊस कसा दोन्ही हातांनी धरतात, एकच प्रश्न दिवसभर कसा विचारतात, 'पुसा' म्हटलं की खरंच फडका कसा शोधतात (हे तर त्यानं पदरचंच घातलं होतं), सगळं तो करून दाखवायचा. एके दिवशी पट्ट्यांत काहीतरी तात्पुरतं भरायचं होतं, नुसत्या दिसतात का ते बघायला. दुसरा कुणी असता तर 'अबक' लिहून मोकळा झाला असता. नादिरनं मादामवरचे विनोद लिहिले, बटणागणिक एक. सगळे त्याच्या स्क्रीनभोवती जमले. तो एकेका बटणावर माऊस थांबवायचा, पट्टी उघडायची आणि हशा पिकायचा. कंपनीचे मालक रऊफ तर पोट धरून खुर्चीत बसले.

पुढे त्यानं ते सगळं पुसलं, नाही असं नाही. खऱ्या मजकुराच्या पट्ट्या घातल्या, आणि त्या खरोखर छान लिहिल्या. 'परत आलेली पिशवी इथे नोंदवा', 'चिठ्ठी छापा, प्रिंटर चालू आहे ना ते आधी पाहा', अशा. पण बटणांची ती ओळ स्क्रीनवर मावली नाही, की उरलेली बटणं टोकाशी एका छोट्या बाणामागे जाऊन बसतात. त्या बाणामागच्या बटणांच्या पट्ट्या वेगळ्या लिहाव्या लागतात. त्या नादिरनं पुसल्या नाहीत. त्याची स्क्रीन ही एवढी रुंद, तिच्यावर सगळी ओळ ऐसपैस मावायची. बाण कधी उगवलाच नाही, तर त्याची आठवण कुठून होणार?

डॉक्टर मादामची परीक्षा घेणार होते, त्या सकाळी नादिर लवकर गेला. मादाम नवा रुमाल बांधून, ओठ मिटून बसल्या होत्या. त्या सारख्या पुढे वाकून बघतात हे पाहून त्यानं आपणहून त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं मोठी केली. बटणंही मोठी झाली.

"अगं बाई! आता कसं लख्ख दिसतंय," मादाम म्हणाल्या. "देव तुझं भलं करो."

डॉक्टर मुफीद समोर येऊन बसले, त्यांना स्क्रीन दिसत नव्हती, मादामचा चेहरा दिसत होता. त्यांच्याशेजारी शाहिंदा. नादिर आणि रऊफ मादामच्या मागे बसले. डॉक्टर एकेक काम सांगू लागले आणि मादाम करू लागल्या. हळू, पण बिनचूक. माऊस न्यायचा, थांबवायचा, पट्टी वाचायची, मान हलवायची, दाबायचं. पिशवी नोंदवली, रक्तगट जुळवला, चिठ्ठी छापली. नादिरची छाती फुगली. त्याला वाटलं, उठून टाळी वाजवावी.

"आता ही पिशवी वापरलीच नाही, वॉर्डातून परत आली," डॉक्टर म्हणाले. "घ्या परत."

बटणं मोठी झाल्यानं ओळ आता मावत नव्हती, आणि परत घेण्याचं बटण रोजच्या जागी नव्हतं. मादाम शोधत राहिल्या. मग त्यांना डाव्या टोकाला, अरबी ओळ जिथं संपते तिथं, तो बाण दिसला. तो त्यांना कुणीही दाखवलेला नव्हता. त्यांनी तो धीर करून दाबला आणि खाली चार-पाच बटणं उतरली. माऊस पहिल्या बटणावर जाऊन थांबला, पिवळी पट्टी उघडली, आणि तीत मोठ्ठ्या अक्षरांत, त्यानंच सकाळी मोठ्या केलेल्या अक्षरांत, लिहिलं होतं: 'हे काही तुम्हाला जमायचं नाही, मादाम. घरी जा आणि कोबी गुंडाळा.'

मादामनी चष्मा काढला, रुमालाच्या टोकानं पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचलं. मग त्यांनी माऊस हळूच बाजूला नेला. पट्टी मिटली. मागे वळून त्यांनी बघितलं नाही.

"काय झालं, मादाम?"

"काही नाही, डॉक्टर. पुढचं मला समजत नाहीये."

"पट्टीत लिहिलं आहे ना? तुमच्यासाठीच करून घेतलं म्हणे ते."

"लिहिलंय," मादाम म्हणाल्या. त्यांचा तो बोळभर जाणारा आवाज पार बसला होता. "मला अक्षर लागत नाही."

नादिरनं तोंड उघडलं. रऊफनी त्याचा गुडघा गच्च दाबला आणि कानाशी पुटपुटले, "गप्प बस. करारावर सही व्हायची आहे अजून."

"बाशमुहंदिस," डॉक्टर मुफीद नादिरला म्हणाले. इंजिनिअरला आमच्याकडे असंच म्हणतात, मानानं. "तुमच्या प्रोग्रॅममध्ये तर काही दोष नाही ना?"

आता सांगतो, त्या क्षणी सगळं नादिरच्या जिभेवर होतं. एक वाक्य बोलायचं होतं, बस्स. चूक माझी, बाईंची नाही. मादामची मान अगदी किंचित त्याच्या बाजूला वळली, वाट बघावी तशी.

"नाही, डॉक्टर," नादिर म्हणाला.

डॉक्टरांनी खूण केली. मादाम उठल्या आणि शाहिंदा त्यांच्या खुर्चीत बसली. तिनं आधी अक्षरं लहान केली.

बाणामागच्या पट्ट्या नादिरनं त्याच दुपारी पुसल्या. हातातला चहा गार व्हायच्या आत काम झालंसुद्धा. पण माणसाला लाज खाऊ लागली की खातच राहते. जेवायला बसला की ताट पुढे सरकवायचा. ऑफिसात कुणी म्हणालं, "काय रे, मादामची नक्कल कर ना," तर तो उठून जिन्यात जाऊन उभा राहायचा. मादाम ओरडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या, तर तो सुटला असता. 'मला अक्षर लागत नाही,' म्हणे! स्वतःला आंधळी ठरवून घेतलं बाईनं, आणि हा ठोंब्या मागे बसून ऐकत राहिला. मला विचाराल तर पट्टी लिहिणं ही मस्करी होती. 'नाही, डॉक्टर' म्हणणं हा हरामखोरपणा होता, आणि हे नादिरलाही पक्कं कळलं होतं.

बदलीचा हुकूम निघाल्याचं ऐकलं तेव्हा तो रऊफना न विचारता इस्पितळात गेला आणि थेट डॉक्टर मुफीदांच्या समोर उभा राहिला.

"दोष होता, डॉक्टर. माझा होता." आणि त्यानं सगळं सांगितलं.

"काय लिहिलं होतंस म्हणालास?"

नादिरनं मान खाली घालून ते वाक्य म्हटलं.

डॉक्टरांच्या खांद्यांना हिसके बसू लागले आणि ते असे हसले, असे हसले की डोळे पुसावे लागले. "कोबी गुंडाळा! अरे, भलताच आहेस की तू!"

"डॉक्टर, मादामना परत खिडकी..."

"हुकूम निघाला रे आता. आणि खरं सांगू? ती पोरगी पटापट करते सगळं. तू मनाला लावून घेऊ नकोस." आणि दार उघडं होतं, तर त्यांनी हिशेबनिसाला हाक मारली, "अहो इकडे या, हे ऐका जरा."

नादिर कोठार शोधत तळघरात पोहोचला, तोवर वरच्या उपाहारगृहात ते वाक्य टेबलाटेबलावर फिरत होतं.

मादाम इनायात शिडीवर उभ्या राहून सलाईनची खोकी लावत होत्या. त्यांनी वरूनच पाहिलं.

"आलास? शिडी धर. हलते ती."

त्यानं शिडी धरली. बराच वेळ त्या खोकीच सरकवत राहिल्या. मग नादिर म्हणाला, "मादाम, मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं."

"कळलं मला. आत्ता कापूस न्यायला आलेला वॉर्डबॉय मला म्हणाला, मादाम, कोबी काय भाव?" त्यांनी हातातलं खोकं फळीवर ठेवलं. "कालपर्यंत ते या इस्पितळात तुझ्यामाझ्यातच होतं, नादिर. सांगायचं होतं तेव्हा सांगितलं नाहीस. आता कशाला सांगितलंस? तुला हलकं वाटावं म्हणून?"

नादिरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला माफ करा," तो म्हणाला, पण ते त्याचं त्यालाही धड ऐकू आलं नाही.

मादाम खाली उतरल्या, एका खोक्यावर बसल्या आणि गुडघे चोळत म्हणाल्या, "एवढंच एक लिहिलं होतंस?"

नादिर शिडीकडे बघू लागला.

"बटणं तर कितीतरी होती. सगळ्यांवर होतं ना काहीतरी?"

"होतं."

"सांग."

"नको, मादाम. पाया पडतो."

"का नको? तुझ्या ऑफिसात सगळ्यांनी ऐकलं असेल. हसलेही असतील. माझ्यावरचंच होतं, मग मीच तेवढी का राहू? सांग. आणि तिथं सांगितलंस तसंच सांग, मिळमिळीत नको."

नादिरला पळून जावंसं वाटलं. भिंतीकडे बघत त्यानं पहिलं सांगितलं. "जतन करायच्या बटणावर... 'दाबा हो मादाम, चावत नाही ते.'"

"हं. पुढचं."

"शोधायच्या बटणावर होतं, 'चष्मा शोधताय? डोक्यावर आहे.'"

ऑफिसात याला सगळ्यात मोठा हशा मिळाला होता. इथं वरच्या नळातून पाणी वाहिल्याचा आवाज आला आणि थांबला. मादामनी चष्मा नाकावर नीट बसवला. त्या रागावल्या नव्हत्या, रडतही नव्हत्या. त्याच्या तोंडाकडे बघत लक्ष देऊन ऐकत होत्या.

"छापायच्या बटणावर..." नादिर त्यांच्याकडे वळला. "मादाम, यात हसण्यासारखं काहीच नाहीये हो."

"ते मी ठरवते," मादाम इनायात म्हणाल्या. "पुढचं सांग."