यादीतल्या चार ओळी

शेवटच्या साध्या दिवशी, मंगळवारी, बाबा स्टुलावर चढून माळ्यावरच्या बॅगा मोजत होते. वय एक्क्याऐंशी.

"उतरा आधी," मी म्हटलं.

"सात हव्यात. सहाच आहेत."

"सातवी मी नेलीय."

"सही न करता?"

बाबा छत्तीस वर्षं तोफखान्यात होते. मेजर जनरल म्हणून निवृत्त झाले. तेवढ्या काळात आमची एकवीस घरं झाली. दर बदलीला बाबा नव्या अधिकाऱ्याला घेऊन खोल्या फिरत, पंखे, नळ, पडदे यादीशी ताडून बघत. कागदावर सही पुरत असे, पण येणाऱ्याने "चार्ज घेतला" असं तोंडाने म्हणायचं, ही त्यांच्या रेजिमेंटची रीत. ते ऐकल्याशिवाय बाबा गाडीत बसत नसत. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या जागी आलेला माणूस नुसता पुटपुटला, तर त्याला पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः गाडी चालवत घरी आले, प्रत्येक चौकात बंद पाडत. इतकी वर्षं ड्रायव्हर होता ना.

पुढे आईची नजर गेली आणि बाबा पुन्हा ड्युटीवर रुजू झाले.

त्या मंगळवारी स्टुलावरून उतरून त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. "इन्सुलिन, सकाळी साडेसात, जागा बदलत. पेपर वाचून दाखवणे, निधनवार्ता वगळून. स्वयंपाकघरात खुर्च्या हलवू नयेत. साखरेच्या डब्याचा आवाज आल्यास आठवड्यातून एकदा दुर्लक्ष."

"वाचलंस?"

"हो."

"मग म्हण."

"बाबा, तुमची बदली झालेली नाही."

"हुकूम कधीही येतो."

आतून आई ओरडली, "छळू नका तिला. लग्नात मलाही म्हणायला लावत होते."

"मग म्हणालीस का?" मी विचारलं.

"विचार चालू आहे अजून!"

मी हसण्यावारी नेलं. बाबा हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी केली आणि घड्याळाखाली ठेवली.

बुधवारी सकाळी फिरायला निघताना बूट घालायला खुर्चीत बसले, ते उठलेच नाहीत. एका बुटाची नाडी बांधलेली होती.

मानवंदना, बिगुल, सगळं वेळेवर झालं. माणसं पांगली. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी आईला इंजेक्शन दिलं.

"त्यांचा हात हलका होता," ती म्हणाली.

"शिकेन."

पेपर वाचला. पान पाचवर बाबांचा फोटो होता, ते पान उलटलं. मग घड्याळाखालचा कागद घेऊन मी त्यांच्या खुर्चीपाशी गेले आणि कसंबसं पुटपुटले.

"जोरात म्हण," आई म्हणाली. "डावा कान तोफांनी नेलाय त्यांचा."

मी खुर्चीच्या उजव्या बाजूला गेले.

"चार्ज घेतला, बाबा."