खालची रिकामी ओळ

नगरसेवक क्लेटन टॉलिव्हरला त्या वर्षी विरोधकच मिळेना. बाल्टिमोरच्या पश्चिमेकडच्या त्याच्या प्रभागात खरी लढत व्हायची ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या आतली, उमेदवार ठरवण्याची. ती एकदा जिंकली की नोव्हेंबरचं मतदान म्हणजे नुसता सोपस्कार. टॉलिव्हर वीस वर्षं ती लढत जिंकत आला होता, आणि वीस वर्षं मतपत्रिकेवर त्याच्या नावाखालची रिपब्लिकनांची जागा कोरी राहत आली होती. त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. पण त्या उन्हाळ्यात एका वर्तमानपत्राने लिहिलं की या प्रभागात निवडणूक होत नाही, नेमणूक होते. ते त्याच्या जिव्हारी लागलं.

"मला जिंकायचंय, मिस व्हर्ना," तो व्हर्ना लेडबेटरच्या बैठकीत बसून म्हणाला. "बिनविरोध म्हणजे समोरचा संघ आलाच नाही म्हणून हातात ठेवलेला कप. त्यात काय मजा?"

"मग आणा कुणाला तरी समोर."

"त्यासाठीच आलोय. तुमचा रॉस्को अजून त्यांच्याच यादीत आहे ना?"

व्हर्नाने चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. ती सत्तर वर्षांची होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढली, आणि तितकीच वर्षं पक्षाचं काम केलं. कोणाला केंद्रापर्यंत गाडी लागते, कोणाचा मुलगा तुरुंगातून सुटून आता मत देऊ शकतो, हे तिला वहीत पाहावं लागत नसे. आपल्या गल्लीत तीस वर्षांत एक मत इकडचं तिकडे झालं नाही, असं ती सांगायची, आणि त्यात ती धाकट्या भावाचंही मत धरायची.

रॉस्को पेटिफर्ड कागदोपत्री रिपब्लिकन होता, तो आजोबांमुळे. आजोबांच्या लेखी गुलामी मोडली ती लिंकनच्या पक्षाने, आणि पुढच्या शंभर वर्षांत काय उलथापालथ होऊन काळे मतदार डेमोक्रॅटांकडे गेले, त्याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. अठरा वर्षांच्या नातवाला हाताला धरून नेऊन त्यांनी मतदार यादीत त्याचं नाव त्या पक्षाकडे नोंदवलं. रॉस्कोने ते बदललं नाही, कारण त्यासाठी एक अर्ज भरावा लागतो. नोव्हेंबरात तो सगळ्यांसारखाच डेमोक्रॅटांना मत द्यायचा. फक्त आतल्या लढतीत मत द्यायची मुभा डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्यांनाच, त्याला नव्हती, त्यामुळे सत्तेचाळीस वर्षांत आपला नगरसेवक ठरवताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"उभं राहायचं म्हणजे करायचं काय?" त्याने बहिणीला विचारलं. तो घराच्या पांढऱ्या पायरीवर बसून तळलेल्या माशाचं सँडविच खात होता.

"काही नाही. नाव द्यायचं आणि घरी बसायचं."

"घरी तर मी बसलेलोच आहे."

"म्हणून तर तुझं नाव सुचलं."

"आणि चुकून निवडून आलो तर?"

व्हर्ना इतकी हसली की समोरच्या घरातल्या बाईने पडदा सरकवून पाहिलं.

शहरातल्या रिपब्लिकन कमिटीत तेव्हा नऊ माणसं होती, त्यातली दोन अंथरुणाला खिळलेली. त्यांना रॉस्को म्हणजे घबाड वाटलं. त्यांनी त्याचं नाव दिलं आणि त्याच्या फोटोची पाचशे पत्रकं छापून घरी पाठवली. एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण रॉस्कोने एकतीस वर्षं महापालिकेची कचऱ्याची गाडी चालवली होती. पाचशे कागद कोपऱ्यात पडून राहणार आणि शेवटी कुठल्या तरी गाडीवाल्याला उचलावे लागणार, हे त्याला बघवेना. तो ती घरोघर वाटायला निघाला.

दारात लोक पत्रक घेत, खिशात घालत आणि मागच्या बोळाबद्दल सांगत. कुणीतरी रात्रीतून चार गाद्या टाकून गेलंय. पडीक घरातून उंदीर येतायत. महापालिकेला सात वेळा फोन केला, नंबर मिळाला, माणूस नाही मिळाला. रॉस्को ऐकून घ्यायचा. प्रचाराचं भाषण त्याला येत नव्हतं. गाद्या कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने उचलतात आणि त्या गाडीवर आता कोण असतो, हे मात्र त्याला पाठ होतं. तो फोन करायचा. "अरे ड्वेन, मी रॉस्को. मंगळवारी त्या बोळात वळशील ना? वळ की. तुला गाडी मागे घ्यायला मीच शिकवलंय." मंगळवारी गाद्या गेलेल्या असायच्या.

सप्टेंबरपर्यंत पत्रकं संपली होती आणि लोकच त्याला हाका मारू लागले होते. न्हाव्याच्या दुकानात त्याला आधी खुर्ची मिळायला लागली.

"कोणाकडून उभा आहेस म्हणालास?" न्हाव्याने विचारलं.

"रिपब्लिकन."

"बरं. आणि मी पोप. मान खाली कर."

अडचण ती हीच होती. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, पण कुणी मनावरच घेईना. काहींना ती छपाईची चूक वाटली. ज्यांना ते खरं असल्याचं कळलं ते, घरात कुणाला काही दुखणं निघाल्यासारखं हळू आवाजात विचारायचे, "कधीपासून?"

टॉलिव्हर आधी हसला. मग एका रविवारी चर्चमधून बाहेर पडताना त्याने पाहिलं की आपल्याशी हात मिळवायला सहा माणसं उभी आहेत आणि रॉस्कोभोवती वीस. दुसऱ्याच दिवशी तो व्हर्नाकडे आला.

"मिस व्हर्ना, मी माणूस मागितला होता. असा नव्हता मागितला."

"तो कुणाला मत द्या म्हणून सांगतच नाहीये. गाद्या उचलतोय."

"तेच तर. त्याला सांगा ना, जरा दमाने घे."

व्हर्नाने सांगितलं. रॉस्को म्हणाला, "मी काय करतोय? मी तर हरायलाच उभा आहे." पण ते म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. ती घरी परतली ती विचारात पडूनच. निवृत्तीनंतर सहा वर्षं तो माणूस त्या पायरीवर बसून सुकत चालला होता. आता इस्त्रीचा शर्ट घालायला लागला होता. भाऊ हरलाच पाहिजे, असं तिला आतून वाटेनासं झालं, आणि टॉलिव्हर पडावा असंही वाटेना. आयुष्यात पहिल्यांदाच निवडणुकीत तिची पंचाईत झाली.

ऑक्टोबरच्या शेवटी ती यादी घेऊन मिस ऑर्थिया युबँक्सकडे गेली. मिस युबँक्स अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. चर्चच्या बायकांत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी व्हर्नाला खुर्ची दिली, आल्याचं बिस्किट दिलं आणि दार लावून घेतलं.

"व्हर्ना, एक विचारते, बाहेर बोलायचं नाही. मला रॉस्कोला मत द्यायचंय."

"मिस ऑर्थिया, मी टॉलिव्हरसाठी आलेय."

"ते दिसतंय मला. पण माझ्या मागच्या बोळातले उंदीर त्याने घालवले. टॉलिव्हरने मला वीस वर्षांत वीस कॅलेंडरं दिली." त्यांनी आपला उजवा हात टेबलावर ठेवला आणि दुसऱ्याचाच असावा तसा त्याच्याकडे पाहिलं. "पण हा हात नाही जायचा त्या ओळीवर. माझ्या आईला कॅरोलायनात मत देता येत नव्हतं. मला मिळालं तेव्हापासून हा एकाच बाजूला जातो. त्या नावासमोर 'रिपब्लिकन' लिहिलेलं असणार. मी तिथलं मताचं वर्तुळ रंगवायचं म्हणजे... नाही गं. रॉस्कोला मत मिळेल पण त्या लोकांना मिळणार नाही, असं काही करता येत नाही का?"

इथे व्हर्नाने उठायला हवं होतं. तीस वर्षांची कार्यकर्ती, तिने म्हणायला हवं होतं, नाही, असं काही नसतं, टॉलिव्हरला द्या. पण रॉस्कोचा इस्त्रीचा शर्ट तिच्या डोळ्यांसमोर आला.

"नावांच्या खाली एक रिकामी ओळ असते," ती म्हणाली. "वर ज्यांची नावं नाहीत, त्यांच्यासाठी. तिथे आपल्या हाताने नाव लिहिता येतं."

"आणि तिथे पक्ष लिहिलेला नसतो?"

"नसतो."

मिस युबँक्सनी डोळे मिटून देवाचे आभार मानले.

बाहेर बोलायचं नाही हे त्यांनीच घातलेलं बंधन त्यांनी दोन दिवस पाळलं. तिसऱ्या दिवशी चर्चच्या बायकांची बैठक होती. तिथून ती रिकामी ओळ न्हाव्याच्या दुकानात गेली, लॉन्ड्रीत गेली, बस थांब्यावर गेली. ज्याला त्याला वाटत होतं की ही युक्ती आपल्यालाच सुचली.

मतदानाच्या दिवशी सकाळी शाळेबाहेर, प्रचारासाठी ठरवून दिलेल्या रेषेपलीकडे व्हर्ना टॉलिव्हरची नमुना मतपत्रिका वाटत होती आणि दहा पावलांवर रॉस्को नुसता उभा होता. लोक व्हर्नाकडून कागद घेत, तिला गालावर पापा देत आणि रॉस्कोकडे पाहून एक डोळा बारीक करत. दुपारी गर्दी ओसरल्यावर व्हर्ना स्वतः आत गेली. राष्ट्राध्यक्षापासून खाली सगळी वर्तुळं तिने नेहमीसारखी एका दमात रंगवली. नगरसेवकापाशी पेन थांबलं. टॉलिव्हर वर, भाऊ त्याच्याखाली, आणि भावाच्या नावासमोर तो शब्द. तिने आजूबाजूला पाहिलं, आणि खालच्या ओळीत शाळेत फळ्यावर लिहावं तसं सुवाच्य अक्षरात लिहिलं, रॉस्को पेटिफर्ड.

हाताने लिहिलेली नावं मोजायला चार दिवस लागले. निकाल असा लागला. टॉलिव्हर, सात हजार एकशे चार. रॉस्को, छापील नावासमोर, दोन हजार अठरा. आणि खालच्या ओळीत वेगवेगळ्या स्पेलिंगांत पेटिफर्ड, पाच हजार तीनशे दोन. निवडणूक कचेरीतल्या बाईने फार सभ्यपणे समजावून सांगितलं की ती ओळ वर ज्याचं नाव नाही त्याच्यासाठी असते. रॉस्कोचं नाव वर होतं, त्यामुळे खालची मतं बाद. वरची आणि खालची मिळून बेरीज टॉलिव्हरपेक्षा दोनशे सोळाने जास्त भरते, हे तिलाही दिसत होतं. पण तशी बेरीज करण्याची फॉर्मवर जागा नव्हती.

रिपब्लिकन कमिटीच्या वकिलाने कोर्टात जाऊ म्हटलं. रॉस्को म्हणाला, "त्यांनी माझं नाव नीट छापलं होतं. लोकांनी ते परत लिहिलं, यात कचेरीची काय चूक?"

त्या आठवड्यात टीव्हीवर एका प्राध्यापकाने नकाशा दाखवला. मोठी शहरं रिपब्लिकनांकडे कधी वळतील का, हा त्याचा विषय होता. त्याने याच प्रभागाचं उदाहरण दिलं. इतका मेहनती, इतका स्थानिक उमेदवार देऊनही पक्षाला शेकडा चौदा मतं. लोकांना त्यांचं म्हणणंच पटत नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. रिपब्लिकन कमिटीने मात्र अनेक वर्षांतली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून रॉस्कोला लाकडी फळीवर पितळी पाटी ठोकून दिली.

टॉलिव्हर फुलं घेऊन व्हर्नाकडे आला.

"वीस वर्षं राजकारणात आहे मी," तो म्हणाला, "पण असं डोकं पाहिलं नाही. मतं फोडायची तीही अशी की फुटलेली कळू नयेत. आणि तेही सख्ख्या भावाची."

"मी काही..."

"ती ओळ कोणी सुचवली ते मिस ऑर्थियांनी सांगितलं मला. काही बोलू नका. शपथविधीला तुम्ही पहिल्या रांगेत, माझ्या बायकोशेजारी."

व्हर्नाने फुलं पाण्यात ठेवली. मग कोट घालून दोन गल्ल्या चालत भावाकडे गेली. रॉस्को स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. ती कोट न काढताच खुर्चीवर बसली.

"ती ओळ मी सांगितली, रॉस्को. मिस ऑर्थियांना. तुला मतं मिळावीत म्हणून."

तो चिरत राहिला. "मला कळलं."

"कधी?"

"मतदानाच्या आधीच. न्हाव्याने सांगितलं. त्याला वाटलं, मला आनंद होईल."

"मग बोलला का नाहीस? वरती भरा म्हणून सांगायचंस ना लोकांना."

"सांगितलं एक-दोघांना. ते म्हणाले, रॉस्को, तुझ्यासाठी वाटेल ते करू, पण तेवढं सांगू नकोस." त्याने सुरी खाली ठेवली. "तू कुठे लिहिलंस?"

"खाली."

"स्पेलिंग बरोबर लिहिलंस ना? कित्येकांनी एकच टी घातलाय."

"दोन घातले." तिने कोटाची बटणं सोडली. "आणि तू?"

रॉस्कोने हात धुतले, पुसले, फडका परत जागेवर अडकवला.

"मी वरती भरलं," तो म्हणाला. "आपलंच नाव आहे, म्हटलं. पण शेजारच्या टेबलावर तो न्हावी होता. म्हणून डावा हात आडवा धरला."

व्हर्नाला हसू आवरेना, आणि ते हसणं नेमकं कशाचं हे तिला सांगता आलं नसतं. रॉस्कोने कांदा कढईत टाकला. फोन वाजला तेव्हा त्याने तो खांद्याने कानाशी धरला. पलीकडे कुणीतरी बोळातल्या फ्रिजबद्दल सांगत होतं.

"दार काढून ठेवा त्याचं, पोरं आत जाऊन बसतात," तो म्हणाला. "आणि टॉलिव्हरला फोन करा. नगरसेवक तो आहे." पलीकडचं माणूस बराच वेळ बोलत राहिलं. "बरं," रॉस्को शेवटी म्हणाला, "गुरुवारी बघतो."