फावडं उभं असेल तिथली माती

शरदातलं पिवळंधमक ऊन कॅलिफोर्नियाच्या डोंगरउतारांवरून ओघळत होतं. वृक्षशिखरांवर सोनं, नदीच्या चंचल जळावर सोनं. साऱ्या जगाला वेड लावणारं, आणि हाताला मात्र चिमटीएवढंच लागणारं सोनं!

त्या चिमट्या जोसाया हरणाच्या कातड्याच्या पिशवीत जपून ठेवी. कृष्णवर्ण, श्रमकठोर, मितभाषी जोसाया आता मुक्त होता. पण त्याची बायको डॉर्कस दूर मिसुरीत, मालकाच्या तंबाखूच्या शेतात, अजून गुलामच होती. नदीकाठी त्यानं खणलेल्या खड्ड्यातलं सोनं म्हणजे मालकाला मोजायची तिच्या सुटकेची किंमत. त्याला दुसरं काही नको होतं.

खाणकऱ्यांचा रिवाज साधा होता. ज्याचं फावडं खड्ड्यात उभं, त्याची ती जमीन. म्हणून जोसायाचं फावडं रात्रंदिवस तिथून हलत नसे.

मग शेजारच्या खड्ड्यातला गोरा म्हातारा, अँगस, तापानं गेला. तापाच्या धास्तीनं कुणी त्याच्या तंबूकडे फिरकेना. जोसायाला राहवलं नाही. माणूस माणसासारखा मातीत जावा, एवढंच त्याला वाटलं. फावडं एकच होतं. ते त्यानं उचललं.

चांगुलपणा अंगाशी यायला कितीसा वेळ लागतो? टेकडीवरची कबर बुजवून तो उतरला, तेव्हा त्याच्या खड्ड्यात परकं फावडं उभं होतं. त्याशेजारी उभा असलेला गोरा शपथेवर सांगत होता, "उन्हाळाभर मीच खणतोय इथं!"

छावणीच्या न्यायाधीशानं मानसुद्धा वर केली नाही.

"गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष चालत नाही. तुला इथं खणताना पाहिलेला कुणी गोरा आहे?"

"होता, साहेब. अँगस. रोज बघायचा मला."

"मग आण त्याला."

ज्या एका तोंडाचा शब्द चालला असता, त्यावर जोसायानंच आज माती लोटली होती. हळुवार हातांनी, खडे वेचून काढून.

तो टेकडी चढला. खाली त्याच्या खड्ड्यातून कुदळीचे घाव ऐकू येत होते, आणि दर घावाला डॉर्कस एकेक पाऊल दूर जात होती. तो रडला. मोठ्यानं रडला.

ऊन विझलं. पाण्यावरचं सोनं विझलं. खांद्यावरचं फावडं त्यानं कबरीच्या ओल्या, मऊ मातीत रोवलं. रिवाजाप्रमाणे आता तेवढीच जमीन त्याची होती.