दीक्षाचं न रडणं

वडील गेले तेव्हा दीक्षा रडली नाही. दवाखान्याचं सगळं तिनं निस्तरलं, पाहुण्यांची जेवणं बघितली, बुद्धवंदना झाल्यावर आलेल्यांचे आभारही मानले. धाकटा दिपक मात्र इतका रडला की त्याला धरून बसवावं लागलं. आई, भीमाबाई, त्याला पोटाशी घेऊन बसली होती. दीक्षाकडं बघत ती शेजारणीला म्हणाली, "पोरगी दगडाची हाय माजी." दीक्षानं ते ऐकलं आणि रिकामे कप उचलून आत नेले.

पुढं तिच्या बँकेत एक प्रशिक्षण झालं. स्वभाव ओळखायची चाचणी होती. दीक्षा 'विचारप्रधान' निघाली. तिला बरं वाटलं. म्हणजे आपण दगड नाही, आपल्यासारखी माणसं असतात तर! शिकवायला आलेल्या अनिलकुमार सरांनी तिला विचारलं, "अलीकडं कशाचं दुःख झालं?"

"वडील गेले. दुःख आहेच, पण ते स्वाभाविक आहे. हळूहळू ओसरेल."

"हे तुम्ही मला समजावून सांगितलंत," सर हळू आवाजात म्हणाले. "दुःख कळणं वेगळं आणि ते अंगात उतरणं वेगळं."

दीक्षाला राग आला. म्हणजे चारचौघांत रडून दाखवायचं का? घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात सरांशी भांडत होती.

भवानी पेठेतल्या त्यांच्या गल्लीत जयंतीच्या मिरवणुकीची तयारी सुरू होती. बाबा टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते, पण चौदा एप्रिल जवळ आला की संध्याकाळी गल्लीतल्या बायका-मुलींना लेझीम शिकवायचे. शाळेत असताना दीक्षा पहिल्या रांगेत असायची. पुढं नोकरी लागली आणि ते सुटलं. यंदा बाबांची शिट्टी दिपकच्या गळ्यात आली होती.

दिपकनं शिट्टी तोंडाला लावली की त्याला हुंदका यायचा. हलगी थांबायची, रांगा मोडायच्या. रोज तेच झाल्यावर बायका कुजबुजायला लागल्या, "औंदा ऱ्हाऊ दे की."

दीक्षा कामावरून आली तेव्हा तो पायरीवर डोकं धरून बसला होता.

"ताई, मला न्हाय जमत. बाबाच दिसतेत समोर."

कुणीतरी उभं राहायला हवं, एवढंच तिच्या मनात आलं. तिनं पर्स त्याच्या मांडीवर ठेवली, ओढणी कमरेला खोचली, एक लेझीम उचलली आणि शिट्टी मागून घेतली.

हलगी सुरू झाली. पहिले दोन फेर ती आठवून आठवून करत होती. मग पाय आपसूक पडायला लागले. कमरेत वाकून वर येताना बाबा डावा खांदा किंचित उडवायचे. तसाच तिचा खांदा उडाला. तिनं ठरवून केलं नव्हतं. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहायला लागलं, पण पाय थांबले नाहीत. मागच्या बायकाही थांबल्या नाहीत.

दिपक धावत आला. "ताई, थांब. बस जरा."

"नको. तू ये बाजूला," ती धापा टाकत म्हणाली. "रडत रडत कर. पाय तेवढे चुकवू नकोस."

तो शेजारी उभा राहिला. त्याचे पाय चुकतच होते, पण तो रांगेतून हटला नाही.

सराव संपल्यावर दीक्षा घामानं भिजून ओट्यावर बसली. भीमाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. कधी नव्हे ती लेकीला खेटून बसली.

"तुजी आजी गेली तवा तुज्या बापाच्या डोळ्यात टिपूस न्हवतं," ती म्हणाली. "नुसती लाकडं फोडत बसला हुता. हात सोलले तरी थांबंना. त्येला म्या दगड न्हाय म्हणलं. तुलाच म्हणलं."

"मला लई लागलं होतं ते, आई."

"मग बोलायचं न्हाय व्हय? भांडायचं माज्याशी!"

"आता भांडते की," दीक्षा म्हणाली आणि तिला हसू फुटलं. आईनं पदरानं तिचं तोंड खसाखसा पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

जयंतीला बहीण-भाऊ दोघं पुढं होते. दिपक मधेच डोळे पुसत होता आणि दीक्षा ठेका धरून होती. मिरवणूक चौकात आली तेव्हा बायकांच्या रांगेत एक जागा झाली आणि जन्मात कधी लेझीम न धरलेली भीमाबाई तिथं येऊन उभी राहिली.

"सावकाश घे गं," ती लेकीला म्हणाली. "गुडघं दुकतेत माजं."

दीक्षानं ठेका संथ केला.