शाळेमागची विलायती चिंच

मित्रांनो, मी एक जुनी विलायती चिंच आहे. केडगावातल्या एका शाळेमागे, कुंपणाला लागून उभी आहे. मला कुणी लावलं नाही. पोपटाच्या चोचीतून पडलेल्या बीपासून मी उगवले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कडूबाई तांदूळ धुतलेलं पाणी माझ्या बुडाशी ओतायच्या, त्यावर मी वाढले. पुढे मला गुलाबी आकडे लागले आणि मधल्या सुट्टीत मुलं माझ्याखाली गर्दी करू लागली. काटे बोचायचे, तरी यायची.

दोन वर्षांपूर्वी राजूरहून कृपा आली. वर्गात ती कुणाशी बोलत नसे. डबा घेऊन एकटीच माझ्या मुळावर येऊन बसायची. एके दिवशी आकडे पाडायला आलेल्या सुमैराने तिला विचारलं, "तू रोज हितंच का बसती?"

"मला कुनी खेळायला घेत न्हाई."

"मंग मला घे की तुझ्यात," असं म्हणून सुमैरा तिच्या शेजारी बसली.

त्या दिवसापासून दोघींनी माझ्या सावलीत मातीचं घर मांडलं. खापराची चूल, पानांच्या पोळ्या. मुंगळे दारावरून गेले की पाहुणे आले म्हणून त्यांना गुळाचा खडा ठेवायच्या. भांडण झालं की घराच्या मधोमध काडीने रेघ ओढायच्या, आणि सुट्टी संपायच्या आत स्वतःच पुसून टाकायच्या. कृपाचं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत सुमैराला डेंग्यू झाला. नगरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, पण ती गेली. शाळा उघडली तेव्हा कृपाने माझ्याखाली दोघींच्या जागा झाडल्या आणि आपल्या जागेवर बसून राहिली. डबा तिने उघडलाच नाही. पुन्हा तिचं बोलणं बंद झालं. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी नुसती उभी राहिले.

मुलांचे कपडे मातीने भरतात, पायात काटे मोडतात, अशा पालकांच्या तक्रारी आल्या. मला तोडून सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं. हेडमास्तर गिदोन सर माणूस वाईट नाहीत. त्यांनी कृपाला जवळ बसवून स्वतः सांगितलं.

काल शाळा सुटल्यावर ती सुमैराच्या आईला, हमिदाला, हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आली.

"चाची, आमी हितं खेळायचो."

हमिदा खाली मातीत बसली. मग म्हणाली, "घरी यायची तवा पार दमलेली असायची. हितं हसायची का गं, बेटा?"

"लई हसायची. हसता हसता लोळायची."

"कशाला हसायची?"

मग कृपा सांगत सुटली. मुंगळ्यांना पाहुणे समजून नावं दिलेली, चिखलाचा भात खोटं खोटं खाताना सुमैराने खरंच तोंडात घातलेला, सगळं. हमिदा ऐकताना हसत होती आणि ओढणीने डोळे पुसत होती. उठताना तिने कपड्यांना लागलेली माती झटकली नाही.

उद्या करवत घेऊन माणसं येतील. मित्रांनो, मला वाचवा असं मी म्हणत नाही, ती वेळ गेली. पण तुमच्या शाळेत कुठे मोकळी माती, एखादं झाड उरलं असेल, तर ते जपा. एकटी पडलेली मुलं तिथेच एकमेकांना सापडतात.