थोरलीची उरलेली वैरण

नखाखाली अडकलेली ती तपकिरी भुकटी (लसूण आणि संत्र्याच्या सालीचा अर्क वाळवून केलेली) दोनदा साबण लावूनही निघत नव्हती. तिनं टाचणीनं नख कोरलं, मग तेही सोडून दिलं आणि गव्हाणीशी उभी राहिली. थोरलीनं आजही निम्मी वैरण तशीच टाकली होती.

थोरली म्हणजे संशोधन केंद्राच्या गोठ्यातली सगळ्यांत वयस्क गाय. गाईच्या ढेकरातून मिथेन निघतो, त्यानं हवा तापते; वैरणीत ही भुकटी मिसळली की तो घटतो, हे दाखवण्यात संशोधक म्हणून तिची काही वर्षं गेली होती. आणि मिथेन घटला होता खरा... पण थोरली, आणि तिच्या पाठोपाठ बाकीच्याही, खायच्याच कमी झाल्या होत्या. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"आकडे झकास आहेत," केंद्राचे साहेब म्हणाले.

"साहेब, त्या खात नाहीयेत, म्हणून गॅस कमी दिसतोय. खाल्लेल्या वैरणीच्या किलोमागे धरलं तर काही फरक नाही."

"होईल सवय. अहवाल आज पाठवून टाका."

"बघते," ती म्हणाली.

बघते... किती सोपा झालाय हा शब्द मला अलीकडे. घरीही तोच. परवा नणंद म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे आता किती शांत वाटतं." खरंच, पूर्वी भांडणं व्हायची – नवऱ्याच्या बदलीवरून, तिच्या नोकरीवरून – अशी, की भिंतींना कान असते तर दडे बसले असते. मग केव्हातरी भांडणंच थांबली. आपण समजूतदार झालो, असं ती धरून चालली होती – की एकमेकांचं काही आत घेणंच दोघांनी सोडलं होतं?

अहवाल तिनं पाठवला नाही. पाठवणार नाही, असंही सांगितलं नाही. संगणक बंद केला आणि घरी आली.

जेवताना नवऱ्यानं विचारलं, "कसा गेला दिवस?" रोजचं 'ठीक' ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

"गाई खात नाहीयेत," ती म्हणाली. "सगळी मेहनत पाण्यात गेली बहुतेक. आणि साहेबांना ते तसंच पुढं रेटायचंय."

त्याचा हात ताटातच थांबला. "मग तू काय म्हणालीस?"

"बघते म्हणाले."

"बघते? तू?" त्याच्या आवाजाला जुनी धार आली. "एका शब्दावरून माझ्याशी चार-चार दिवस भांडायचीस तू."

"भांडायलाही अंगात ताकद लागते रे."

 तो नेहमीसारखा उठून गेला नाही, तिच्याकडे बघत राहिला. त्याचं बोलणं बोचलं होतं – बऱ्याच काळानं, आणि नेमक्या जागी. अंग शिणलेलं होतंच. उद्या साहेबांना काय सांगायचं, ते तिला ठाऊक नव्हतं. आतून काहीतरी वर येत होतं, राग की रडू, कळत नव्हतं... आणि ते गिळून टाकायची आज तिला घाई वाटत नव्हती.